प्रभागासाठी 'स्मार्ट' कामांची यादी मागितलीय, नक्की काय लिहून द्यावं? (छ. संभाजीनगर)

सातारा_परिसरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात राहणाऱ्या आणि पुण्याला गेलेल्या पण जीव इथंच अडकलेल्या सगळ्यांसाठी प्रश्न आहे, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात राहतो. आधी ग्रामपंचायत, मग थोडे दिवस नगरपरिषद, मग महापालिका असा आमच्या एरियाचा प्रवास, आणि या सगळ्यात बिल्डिंगा भराभर आल्या पण पाइप काही त्या वेगानं आले नाहीत, बऱ्याच सोसायट्या आजही बोअर आणि टँकरवर. एप्रिल २०२० पासून शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघायचे, आता जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली आणि प्रभागात एकदम चार-चार नगरसेवक. त्यातल्या एकानं सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये सांगितलं की आपला प्रभाग स्मार्ट करायचाय, कामांची यादी द्या, बजेटमध्ये घालून घेतो.

झालं, ग्रुपवर यादी सुरू. फुकट वायफाय, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, 'आय लव्ह अमुक' वाली लाल अक्षरं, कॅमेरे, चार्जिंग स्टेशन, डिजिटल बोर्ड, आणि एका काकांनी लिहिलंय म्युझिकल कारंजं. टँकरची वाट बघत बघत लिहिलं असणार त्यांनी.

मला खरंच कळत नाहीये की काय मागावं. शहर वाढणार यात शंका नाही, शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकरांचं ऑरिक हे औद्योगिक शहर, बिडकीनला टोयोटा, जेएसडब्ल्यू, एथर हे सगळे यायचेत, समृद्धीमुळं मुंबई-नागपूर दोन्ही जवळ आलं. २०११ च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचं होतं, त्यानंतर कुणी मोजलेलंच नाही. स्मार्ट सिटीच्या यादीत आपण सप्टेंबर २०१६ ला आलो, केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढेच राज्य आणि महापालिकेनं घालायचे असा मूळ हिशोब होता, आणि ते मिशन ३१ मार्च २०२५ ला बंदही झालं. म्हणजे आता तो पैसा नाही, जे करायचं ते महापालिकेच्या खिशातून.

मी स्वतः सॉफ्टवेअरमधला आहे, डेटा गोळा करणं, नकाशे बनवणं वगैरे फुकटात करायला तयार आहे. यादीत वर काय असावं आणि तंत्रज्ञानाचा खरा उपयोग कुठं आहे, एवढंच सांगा. राजकारण नको प्लीज.

खरं_बोलतो

राजकारण नको आणि यादी नगरसेवकाला द्यायचीय 😄 चालू द्या.

शेंद्रा_फर्स्ट_शिफ्ट

बस. पहिल्या नंबरला बस लिहा दादा. 'माझी स्मार्ट बस' २०१९ ला सुरू झाली तेव्हा शंभर बस आणल्या होत्या, गाड्या चांगल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, पण शंभरात काय होतंय? केंद्राच्याच निकषात एक लाख लोकसंख्येमागं ४० ते ६० बस पाहिजेत असं आहे. जुनी २०११ ची लोकसंख्या धरली आणि कमीतला कमी आकडा धरला तरी ४७० बस होतात. आणि तुमच्याकडं तर सगळी नवीन वस्ती.

ॲप मागू नका, ॲपवर बस कुठंय ते दिसून काय करू, पाऊण तासानं एक असेल तर? दहा-बारा मिनिटाला एक येत असेल तर ॲप लागतच नाही, माणूस जाऊन उभा राहतो. आमच्याकडं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा तीन बाजूला कंपन्या आणि सकाळच्या शिफ्टला पोरीबाळींना सहाच्या आत निघावं लागतं. बायपासला उभं राहून शेअर रिक्षा बघायची, अंधारात, ट्रक अंगावरून जातात. स्टॉपवर एक दिवा, बसायला कट्टा आणि स्टॉपपर्यंत जायला फुटपाथ, एवढंच लिहा पण पक्कं लिहा. कोणत्या वेळेला किती बायका कुठून कुठं जातात याचा सर्व्हे कुणी केलाय का कधी? ते तुम्ही करा, तुम्हाला जमेल. कंपन्यांच्या शिफ्टचे टाइम तीनच असतात, सगळ्यांना माहीत आहेत.

नळखात्यातून_निवृत्त

यादी वाचली. कारंजंवाल्या काकांना नावं ठेवू नका, ज्याला घरात पाणी बघायला मिळत नाही तो चौकात बघायला मागतो.

मी तुमच्या शहरात नोकरी केलेली नाही, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत पाणीपुरवठ्याला होतो, पण सासुरवाडी तुमच्याकडं सिडकोत त्यामुळं तिथला हिशोब ठेवून असतो. जरा सविस्तर लिहितो, कारण ताई म्हणतात तशी बस महत्त्वाची आहेच पण पाण्याचं गणित कुणी समजावून सांगत नाही आणि त्यामुळं मागणी चुकीची जाते.

पहिली गोष्ट, तुमच्या शहराला पाणी 'नाही' हे खरं नाही. जायकवाडीचा जिवंत साठा ७६-७७ टीएमसीचा. शहराला दिवसाला २५० दशलक्ष लिटर दिलं तरी वर्षाचं सव्वातीन टीएमसी होतं. दुष्काळी वर्ष सोडा, पण एरवी धरणात पाणी असतं आणि पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या शहरात नळाला कुठं पाच दिवसांनी, कुठं आठ दिवसांनी पाणी, असं चालत आलंय. अडचण मधल्या रस्त्यात आहे. पाणी पैठणहून उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला चढवायचं आणि तिथून टाक्यांना सोडायचं. बरीच वर्षं हे सगळं ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन पाइपांवर, त्यातला ७०० चा सत्तरच्या दशकातला. नंतर ९०० चा आला. पंपाची लाइट अर्धा तास गेली की पाइप रिकामा होतो, तो परत भरायला कित्येक तास जातात, आणि मग अख्ख्या शहराचं वेळापत्रक एक दिवस पुढं सरकतं. पेपरात 'तांत्रिक कारणास्तव' म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा हे.

आता नवी योजना, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन झालं तेव्हा १६८० कोटींची, पुढं २७४० कोटींवर गेली, २५०० मिलिमीटरचा पाइप, म्हणजे त्यातून लहान मोटार जाईल एवढा, आणि शहरात वितरणाच्या एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास लाइनी. लोकांना वाटतं की मोठा पाइप आला की झालं. नाही होत तसं. मोठ्या पाइपानं पाणी टाकीपर्यंत येतं, टाकीपासून घरापर्यंत काय होतं तो वेगळाच विषय आहे आणि तुम्ही सॉफ्टवेअरवाले तिथं उपयोगी पडू शकता.

गॅपनं पाणी देण्याचा तोटा फक्त वाट बघण्याचा नसतो. रोज जेवणाऱ्या माणसाला आणि आठवड्यातून एकदा जेवायला मिळणाऱ्याला एकाच पंगतीला बसवून बघा, दुसरा किती वाढून घेईल? तसं होतं. आठ दिवसांनी पाणी आलं की प्रत्येक घर हौद, ड्रम, टाकी, सगळं एकाच तासात भरायला बघतं, मोटार लावून ओढतं, लाइनीत दाबच राहत नाही आणि शेवटच्या घराला थेंब जात नाही. मग तो व्हॉल्व्हमनशी भांडतो, व्हॉल्व्हमन त्याच्यासाठी अर्धा तास जास्त सोडतो, पुढच्या गल्लीचं कमी होतं. पाणी बंद झालं की पाइपात उलटी ओढ तयार होते आणि जिथं गळती आहे तिथून बाहेरचं घाण पाणी आत येतं, पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं ते त्यामुळं. आणि नवीन पाणी येणार म्हणून साठवलेलं जुनं गटारात ओततात ते वेगळं. कमी पाणी देऊन बचत होते हा गैरसमज आहे.

म्हणून यादीत पाण्याचं काम असं लिहा. एक, प्रभागाला पाणी देणाऱ्या टाकीच्या आउटलेटला फ्लो मीटर, चालू स्थितीतला, आणि त्याचा रोजचा आकडा जाहीर. दोन, वस्तीच्या सगळ्यात शेवटच्या टोकाला प्रेशर लॉगर, छोटी डबी असते, दर पंधरा मिनिटाला दाब नोंदवते. तीन, व्हॉल्व्हचा नकाशा. हे तिसरं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. कोणता व्हॉल्व्ह फिरवला की कोणत्या गल्लीला पाणी जातं हे बऱ्याच शहरात कागदावर नसतं, दोन-तीन लाइनमनच्या डोक्यात असतं, ते निवृत्त झाले की गेलं. त्यातला एखादा आमच्याकडं हजेरीवर रिटायरमेंटनंतरही बोलवावा लागायचा, साहेब लोक जीप पाठवायचे त्याला आणायला. तुम्ही त्या माणसाबरोबर मोबाइल घेऊन फिरा, प्रत्येक व्हॉल्व्हचं लोकेशन टाका, कोणत्या गल्ल्या त्यावर आहेत ते लिहा. महापालिकेला लाखोंचा सर्व्हे जे देत नाही ते मिळेल.

तुमच्या परिसरात आता नव्यानं लाइन पडतेय तर हीच वेळ आहे. दीड-दोन हजार कनेक्शनचा एक बंदिस्त भाग करायचा, आत यायला एकच पाइप, त्यावर मीटर. पुढं पाणी रोज यायला लागलं की रात्री दोन ते चार मध्ये तो मीटर किती फिरतो ते बघायचं. त्या वेळेला माणसं झोपलेली असतात, तरी मीटर जोरात पळत असेल तर ती गळती. एवढं सोपं आहे. कराडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी दिलं ते असंच, नगरपंचायत होती ती तेव्हा, कुठली स्मार्ट सिटी नाही, घरोघर मीटर, जास्त वापराला जास्त दर, आणि वापर वाढायच्या ऐवजी कमी झाला.

खरं_बोलतो

काका मीटर म्हटलं की आमच्याकडं लोकांना 'समांतर' पाणी योजना आठवते. २०१४ ला खाजगी कंपनीला दिलं, २०१६ ला करार रद्द. परत मीटरचं नाव काढलं तर नगरसेवक यादी फाडून टाकेल.

नळखात्यातून_निवृत्त

बरोबर आहे तुमचं, आणि लोकांचाही राग बरोबर आहे, आठवड्यानं पाणी येणाऱ्या नळाला मीटर बसवला तर तो आधी हवेवरच फिरतो, रीडिंग खोटं येतं. म्हणून मी घराच्या मीटरचं म्हणतच नाहीये, टाकीच्या मीटरचं म्हणतोय. त्यात कुणाच्या खिशाला हात लागत नाही, फक्त किती आलं आणि किती गेलं ते कळतं. कदाचित म्हणूनच तो बसवायला कुणाला घाई नसते.

आणि दराचंही बोला कधीतरी. तुमची घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४०५० होती ती २०२२ ला २०२५ केली. पाणी आठवड्यानं येतं तर पूर्ण पैसे का भरू, हा मुद्दा मला मान्य. पण पंपाचं वीजबिल निम्मं झालं नाही ना. ते कुठून भरायचं हे कुणीच विचारत नाही.

गुलमंडीवाला

माझं दुकान जुन्या शहरात आहे, तुमच्या एरियाचं मला फार माहीत नाही पण रस्त्यांबद्दल सांगतो. आमच्याकडं पैठण गेट ते गुलमंडी रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी करून बघायचा प्रयोग झाला होता, स्ट्रीट्स फॉर पीपल म्हणून केंद्राची स्पर्धा होती, त्यात आपलं शहर निवडलं गेलेलं. कल्पना चांगली होती, मी दुकानदार असून म्हणतो. गिऱ्हाईक पायीच येतं, गाडीवरचा माणूस काच खाली करून साडी बघत नाही. पण रंग मारला, कुंड्या ठेवल्या, फोटो निघाले, आणि पुढं हातगाड्या कुठं उभ्या करायच्या याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे, त्यात जागा ठरवून द्यायचं लिहिलेलंय, टाऊन व्हेंडिंग कमिटी वगैरे. ते आधी करायचं सोडून कुंड्या आधी. तुमच्याकडं अजून बाजार बसायचाय तर भाजीवाल्यांची जागा आत्ताच आखून मागा, नंतर तो बायपासच्या कडेलाच बसणार आणि मग अतिक्रमण म्हणून गाडी येणार.

दुसरं, रस्ता काँक्रीटचा झाला की तीन महिन्यात पाइपवाले येतात. मग केबलवाले. मग गॅसवाले. आपल्या शेंद्र्याच्या ऑरिकमध्ये सगळं जमिनीखालच्या डक्टमधून नेलंय, एकदा जाऊन बघून या, २०१९ पासून चालू आहे, तिथं रस्ता खोदायचा प्रश्नच येत नाही. आमच्या गल्लीत ते होणं शक्य नाही, घरं दोन्ही बाजूनं चिकटलेली, पण तुमच्या नवीन रस्त्यांना निदान दर पन्नास-शंभर मीटरवर आडवे मोकळे पाइप टाकून ठेवा म्हणावं, पुढं ज्याला जे न्यायचं ते त्यातून नेईल. खर्च नगण्य आहे. आणि हे टेंडर निघायच्या आधी लिहून द्या, नंतर कंत्राटदार 'एस्टिमेटमध्ये नाही' म्हणतो.

बाकी या शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी काढली, डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर गावात आणलं, जागोजागी ते उंच बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे, आजही उभे आहेत. टुरिस्टला पाणचक्की दाखवतो आपण आणि नहरीवर बांधकाम करतो. असो.

प्लॅनर_कोथरूड

मी मूळची पदमपुऱ्याची, पुण्यात टाऊन प्लॅनिंगचं काम करते. वरच्या पोस्ट मस्त आहेत. तीन-चार गोष्टी घालते, घाईत लिहितेय.

पुण्याचा अनुभव आधी. पुणे जानेवारी २०१६ च्या पहिल्याच यादीत दुसऱ्या नंबरला होतं, औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडला. म्हणजे जो भाग आधीच बरा होता तोच. औंधात फुटपाथ खरंच चांगले झाले, आजही चालायला बरं वाटतं, ते मी नाकारणार नाही. पण भाड्याच्या सायकली आठवतात का, २०१७-१८ ला पिवळ्या-हिरव्या सायकली सगळीकडं, वर्ष-दोन वर्षात गायब. कारण सायकल आली पण ती चालवायला सलग सुरक्षित रस्ता नव्हता, दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे ते ठरलं नव्हतं. मिशनची रचनाच तशी होती, वस्तू घ्यायला पैसा, चालवायला नाही. कॅमेरे, स्क्रीन, सेन्सर सगळ्यांना पाच वर्षांचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट असतं, ते संपलं की महापालिकेच्या बजेटवर. कंट्रोल रूम तर मिशनच्या शंभरच्या शंभर शहरांत बांधल्या, आता त्या प्रत्येकीचं दर महिन्याचं बिल आहे. तुमच्या यादीत प्रत्येक कामापुढं एक कॉलम वाढवा, 'सहाव्या वर्षी खर्च कोण करणार'. कारंजं आपोआप गळून पडेल, काकांना दुखवायची गरज नाही.

मग गुंठेवारी. हे कुणी लिहिलंच नाही वर आणि संभाजीनगरचं तर अर्धं दुखणं तेच आहे. शेतमालकानं एक-एक गुंठा विकला, रस्ता पंधरा फुटांचा, बाग नाही, शाळेला जागा नाही, नाल्यावर घर. २००१ चा कायदा आहे नियमित करायचा, २०२१ ला त्यात सुधारणा करून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली. नियमित झालं म्हणजे कागद मिळाला, जागा रुंद होत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात जालना रोडला, पैठण रोडला रुंदीकरणासाठी जी पाडापाडी झाली ती सगळ्यांनी बघितलीय. आधी वाढू द्यायचं आणि मग जेसीबी आणायचा, यापेक्षा महागडं प्लॅनिंग जगात नसेल, आणि ज्याचं घर गेलं त्याला विचारा स्मार्ट काय ते.

सातारा-देवळाईत अजून मोकळी शिवारं शिल्लक आहेत. तिथं नगररचना योजना मागा, टीपी स्कीम. गुजरातनं अहमदाबादच्या कडेला हेच वर्षानुवर्षं केलं, सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी हिस्सा काढायचा, उरलेली नीट चौकोनी करून ज्याची त्याला परत. मालकाची जमीन कमी होते पण किंमत वाढते. आपल्याकडं १९६६ च्या कायद्यात सोय आहे. सोपं नाहीये हां, नाशिकला मखमलाबादच्या ग्रीनफिल्डला, म्हणजे मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत उभारायच्या प्रकल्पाला, शेतकऱ्यांचा केवढा विरोध झाला. संभाजीनगरच्या मूळ स्मार्ट सिटी प्रस्तावातसुद्धा चिकलठाण्याला ग्रीनफिल्ड होतं, ते पुढं बाजूलाच पडलं. शेतकऱ्याला पहिल्या दिवशी खोलीत बसवलं नाही तर तो शेवटच्या दिवशी कोर्टात भेटतो. पण प्रभागातून लोकांनीच मागणी केली तर वजन वेगळं.

आणि नाले. तुमच्या भागातलं डोंगराचं पाणी कुठून वाहतं त्याचा नकाशा दादा तुम्ही एका रविवारी करू शकता, पाऊस पडत असताना. खाम नदीवर लोकांनी आणि महापालिकेनं मिळून काम केलंय, दाखवायला उदाहरण घरातच आहे.

शेंद्रा_फर्स्ट_शिफ्ट

टीपी स्कीम होईपर्यंत मी रिटायर होईन ताई 🙏 बस वरच ठेवा.

प्लॅनर_कोथरूड

हो गं, बस आणि फुटपाथ ताबडतोबच्या यादीत, टीपी वेगळ्या पत्रात. दोन्ही एकाच कागदावर घातलं की सोपं ते होतं आणि अवघड ते 'विचाराधीन'. बसचं लिहिताना थांबे नकाशावर दाखव, आणि पहिली बस किती वाजता हवी ते वेळेसकट. 'बससेवा सुधारावी' असं लिहिलं तर उत्तर येतं 'सुधारण्यात येत आहे'.

कचरा_वेगळा_करा

२०१८ विसरलात का सगळे? नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर कित्येक महिने कचऱ्यात होतं, मिटमिट्याला दगडफेक, गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. नारेगाव आणि आजूबाजूच्या गावांनी वर्षानुवर्षं आपला कचरा सोसला होता. त्यानंतर प्रक्रिया केंद्रं झाली चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडीला, ठीक आहे, पण ओला-सुका घरातच वेगळा झाला नाही तर केंद्रात जाऊन काय होणार. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा हे यादीत घाला, नगरसेवकाकडून काही नको यात, तुम्हीच करा. सेन्सरवाले डस्टबिन कृपा करून नको, घंटागाडी वेळेत आली तर डस्टबिनच लागत नाही.

सातारा_परिसरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ग्रुपवर वाचून दाखवलं, दोन जण चिडले, बाकीच्यांना पटलं. काका कारंजं सोडायला तयार आहेत पण बागेत बाकं पाहिजेत म्हणतात, ते मान्य केलं. कच्ची यादी टाकतोय, सुधारा:

१. नव्या टाकीच्या आउटलेटला फ्लो मीटर, शेवटच्या टोकाला दोन प्रेशर लॉगर, आकडे दर सोमवारी प्रभाग कार्यालयाबाहेर बोर्डवर.
२. व्हॉल्व्हचा नकाशा, आम्ही करून देतो, महापालिकेनं फक्त लाइनमन बरोबर पाठवावा.
३. सकाळी साडेपाचला शेंद्र्याकडं आणि वाळूजकडं प्रत्येकी एक बस, पाच थांबे, थांब्यावर दिवा. बायपास ओलांडायला सिग्नल.
४. प्रत्येक घराला पाण्याचा स्मार्ट मीटर.
५. काँक्रीट रस्त्याच्या टेंडरमध्ये आडवे डक्ट.
६. भाजी बाजाराची जागा आखून द्यावी.
७. मुख्य रस्त्यांवर २५ कॅमेरे.

प्रत्येकापुढं सहाव्या वर्षीचा खर्च हा कॉलम आहे. सातव्याचं तिथं काय लिहू कळेना.

गुलमंडीवाला

सात नंबर काढा किंवा तीन चौकांत तीन मागा. शहरात स्मार्ट सिटीचे सातशेच्या आसपास कॅमेरे आधीच आहेत, तुमच्या चौकातून त्यांनाच जोडून मिळालं तर बघा. अंधाऱ्या रस्त्यावर कॅमेरा लावून अंधारच रेकॉर्ड होतो, दिवे मागा. आणि सहा नंबरला 'जागा आखून' एवढंच नको, पाण्याचा नळ आणि शौचालय पण लिहा, भाजीवाल्या बायका दिवसभर कुठं जातात याचा विचार कुणी करत नाही.

नळखात्यातून_निवृत्त

चार नंबर आत्ता अजिबात नको. वर लिहिलं तेच, आधी पाणी रोज येऊ द्या, निदान एक दिवसाआड. त्याऐवजी एवढंच लिहा की नवीन कनेक्शन देताना मीटर बसवायची जागा, म्हणजे चेंबर आणि सरळ पाइपाचा तुकडा, सोडून ठेवावा. पुढं मीटर बसवायचा झाला तर फरशी फोडावी लागणार नाही.

एक नंबरमध्ये 'चालू स्थितीत' हे दोन शब्द घालायचे राहिले तुमचे. आणि बिघडला तर किती दिवसात दुरुस्त करणार तेही, सात दिवस लिहा, पंधरावर तडजोड होईल. आकडा 'दशलक्ष लिटर' मध्ये मागू नका, लोकांना कळत नाही. त्या दिवशी टाकीतून गेलेलं पाणी भागिले कनेक्शन, म्हणजे दर घरामागं किती लिटर ते बोर्डवर लिहायला सांगा. मग बघा बोर्डसमोर किती गर्दी होते.

दोन नंबरसाठी लाइनमन सोमवारी-मंगळवारी मोकळा आहे का बघा, पाणी सोडायच्या दिवशी त्याला धरू नका. बरोबर चहाचं थर्मास ठेवा.